वारीची गाडी विकायची आहे

देवळाली म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नाशिकजवळची लष्करी छावणी उभी राहते. आमच्या ताईचे सासर त्या देवळालीत नाही. ते आहे राहुरी तालुक्यातल्या देवळालीत. पत्रावर किंवा पार्सलावर नुसते 'देवळाली' लिहिले, तर ते कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. पुढे 'प्रवरा' लिहावेच लागते. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण तिची किंमत काय असते ते यंदाच्या वैशाखात कळले.

ताईचा फोन आला. "भाऊ, दाजींनी वारीची गाडी विकायला काढलीय. रोज कुणीतरी येतंय, रोज नवी मागणी घालतंय. तुझे दाजी म्हणजे भिडस्त माणूस. तू चार दिवस येऊन राहा."

मी श्रीगोंद्याकडचा. कांदा चाळीत पडला होता, काम फारसे नव्हते. पिशवी घेतली आणि सकाळच्या एसटीने नगर गाठले. कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले तरी कंडक्टर अजून 'नगर, नगर' असेच ओरडतो. तिथून मनमाड रस्त्याने पुढे निघालो. विळद घाटापर्यंत दोन्ही बाजूंना उजाड माळ. मग कृषी विद्यापीठाची हिरवी शेते लागली. १९६८ सालचे हे विद्यापीठ. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत इथले बियाणे गेले आहे. पुढे राहुरी, आणि मग राहुरी फॅक्टरीचा थांबा. तिथे उतरून श्रीरामपूरकडच्या रस्त्याला लागले की हवाच बदलते. ऊस, घास आणि कांद्याच्या चाळी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी कालव्यांनी या काळ्या रानात आले. वैशाखातही इथे सावलीला ओल असते. आमच्या कोरडवाहू डोळ्यांना ते पाहून थोडा हेवा वाटतो, खोटे कशाला बोला!

देवळालीला नगरपरिषद आहे, पण घरांची रीत अजून खेड्याचीच. ओट्यावर बसलेला माणूस पाहुण्याला 'कुणाकडं?' असे विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ताईच्या वस्तीवर पोचलो तेव्हा गाडी लिंबाखाली उभी होती. दाजी तिच्या चाकापाशी बसून नट घट्ट करीत होते.

ही गाडी म्हणजे एक जुना टेंपो. पण तिला नुसता टेंपो म्हणवत नाही. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ महाराजांची पालखी निघते, ती आमच्या जिल्ह्यातून बेलापूर, राहुरी, नगर, मिरजगाव, कर्जत असे मुक्काम करीत पंढरीला जाते. तीन आठवड्यांहून अधिक दिवसांची ती वाट. माणसे पायी चालतात, पण त्यांचा संसार चाकावर चालतो. दाजींच्या दिंडीचा संसार गेली अकरा वर्षे या गाडीत होता. मागच्या हौद्यात दोन्ही बाजूंना फळ्यांचे कप्पे. एकीकडे पीठ, डाळ, तेल आणि गूळ. दुसरीकडे पन्नास माणसांच्या वळकट्या. पाण्याची टाकी, गॅसच्या दोन शेगड्या, पराती आणि पातेली, राहुटीचे बांबू, ताडपत्री, टाळ अडकवायच्या खुंट्या. चालकाच्या मागे एक अरुंद फळी. दाजी त्यावर झोपत. परदेशात लोक असली घरवजा गाडी घेऊन सुटीला जातात, तिला मोटारहोम म्हणतात. आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पण वारकऱ्यांनी चाकावरचे घर त्याच्या कितीतरी आधी आपल्या पद्धतीने बांधून घेतले होते.

आता दाजींच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. क्लच दाबवत नव्हता. आणि भाचीला नर्सिंगला घालायचे होते, तिच्या फीची तजवीज महिनाअखेर करायची होती. गाडी विकण्याचा काळ मात्र बरोबर साधला होता. दिंड्या चैत्र-वैशाखात गाड्या शोधतात. आषाढी झाली की वर्षभर कुणी विचारीत नाही.

पहिला घोटाळा मी पोचलो त्याच दिवशी झाला. दुपारी एक गृहस्थ घामाघूम होऊन आले. सिन्नरकडचे. भाचीने मोबाइलवर जाहिरात टाकताना गावाचे नाव फक्त 'देवळाली' दिले होते. ते आधी नाशिकच्या देवळालीत जाऊन छावणीच्या रस्त्याने तासभर हिंडले होते! आल्या आल्या म्हणाले, "माझं पेट्रोल गेलं, दिवस गेला. किमतीतून दहा हजार आधी कमी करा, मग बोलू."

दाजी 'बरं' म्हणायच्या बेतात होते. ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "दादा, चूक आमचीच. आधी जेवा. पण पोरीच्या चुकीची किंमत गाडीवर कशी लावायची? गाडी बघा, पसंत पडली तर गाडीचाच भाव करा." गृहस्थ पिठले-भाकरी जेवले, शांत झाले. गाडी त्यांना लहान पडत होती, ते गेले. जाताना ताईला नमस्कार करून गेले. भाचीने लगेच जाहिरातीत 'देवळाली प्रवरा, तालुका राहुरी' असे लिहिले. चूक झाली तर ती कबूल करावी, पाहुणचार करावा, पण तिचा हिशेब मालाच्या भावात मिसळू देऊ नये, हा पहिला धडा.

दुसरा गिऱ्हाईक फोनवरचा. बोलणे हिंदीत, फार अदबीचे. आपण फौजेत आहोत, दूर सीमेवर आहोत, गाडी न पाहताच पूर्ण सव्वातीन लाख देतो म्हणाला. घासाघीस नाही, शंका नाही! दाजी हरखले. मग त्याने मोबाइलवर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवले. 'हे स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.'

भाचीने फोन दाजींच्या हातातून घेतला. "बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात." एवढे एक वाक्य ज्या घरात पाठ असेल, त्या घराचे पुष्कळ नुकसान टळेल. पैसे येताना न पिन लागतो, न ओटीपी, न काही स्कॅन करावे लागते. फौजेच्या नावाने लोक विश्वास टाकतात म्हणून हे लबाड ते नाव वापरतात. खरा जवान बिचारा सुटीत घरी येऊन, गाडीखाली वाकून, चार शिव्या घालून मगच गाडी घेतो.

तिसरे आले ते दलाल. पांढरे शुभ्र कपडे, हातात पिशवी. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तीन लाख. आत्ता, रोख. तुम्ही फक्त फॉर्म एकोणतीस आणि तीसवर सह्या करून द्या. नाव मी नंतर भरतो. गिऱ्हाईक मिळालं की त्याच्या नावावर होईल."

तीन लाखांची गड्डी समोर दिसली की माणसाचे मन हलते. मी दाजींकडे पाहिले. त्यांना भाचीची फी दिसत होती. मी म्हटले, "दाजी, जरा गोठ्याकडं चला."

गोठ्यापाशी मी त्यांना आमच्या गावातली गोष्ट सांगितली. आमच्या शेजाऱ्याने अशाच कोऱ्या फॉर्मवर सह्या करून जुनी जीप दिली. ती तीन हात फिरली, नाव कुणीच बदलले नाही. दोन वर्षांनी तिने एका मोटारसायकलवाल्याला ठोकरले. विमा संपलेला. नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस आली ती आमच्या शेजाऱ्याला. कारण सरकारी दप्तरात मालक तोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात हेच सांगितले आहे: गाडी विकली, ताबा दिला, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. शेजारी कोर्टात चपला झिजवतो आहे.

दुसरी गोष्ट रोख रकमेची. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे गड्डी हातात आली तरी ती सुखाची नव्हती.

दाजी परत आले आणि म्हणाले, "कोऱ्या कागदावर सही जमणार नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर करा, पैसे बँकेत टाका." दलाल हसले. "असं कुणी करत नाही, पाव्हणं." आणि गेले. त्या रात्री दाजींना जेवण गेले नाही.

चौथ्या दिवशी कोपरगाव तालुक्यातल्या एका दिंडीची पाच माणसे आली. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. त्यांना पाहून ताईचा जीव भांड्यात पडला. सोबत एक मेस्त्री होता. तो आला तसा आधी गाडीच्या नाकावर हात ठेवला. "गाडी सकाळपासून चालू केली नाही ना?" नव्हती. गरम इंजिन पटकन सुरू होते आणि आपली दुखणी लपवते, म्हणून जाणता माणूस थंड गाडीच सुरू करून पाहतो. धूर निळा येतो का, म्हणजे ऑइल जळते. काळा येतो का, म्हणजे डिझेल नीट जळत नाही, हे त्याने पाहिले. ऑइल भरायचे झाकण उघडून तिथून धूर फेकतो का पाहिले. दाजींनी सगळे करू दिले. उलट त्यांनीच सांगितले, "थंडीत दुसरा गिअर जड पडतो. डाव्या बाजूचे पाटे मागच्या साली बदललेत. ताडपत्री पुढच्या कोपऱ्यात गळते."

मी मनात म्हटले, दाजी आपलाच भाव पाडताहेत. पण झाले उलटे. मेस्त्रीने नंतर पाच जणांना बाजूला घेऊन सांगितले, "माणूस खरं बोलतोय. बाकीचंही खरं असेल."

मग फेरी मारून पाहायची मागणी. आम्ही 'हो' म्हटले, पण चालवणाऱ्याचा परवाना पाहिला, आणि दाजी शेजारी बसले. कालव्याच्या रस्त्याने राहुरी फॅक्टरीपर्यंत जाऊन गाडी परत आली. परक्याच्या हाती किल्ली देऊन 'जा, फिरून या' म्हणणे हे भलेपण नव्हे, निष्काळजीपणा आहे.

मग ओट्यावर बैठक बसली. चहा झाला आणि मागण्या सुरू झाल्या.

पहिली मागणी, पातेली आणि शेगड्या गाडीबरोबरच द्या. दाजी म्हणाले, "गाडीचा भाव वेगळा, भांड्यांचा वेगळा. आधी गाडीचं ठरवू." हे बरे केले. दोन्ही एकत्र बांधले की भाव कशाचा कमी होतो ते कळत नाही.

दुसरी, निम्मे पैसे आता, निम्मे कार्तिकीनंतर. दाजींनी मान हलवली. "गाडी गेली की पैसे मागायला मला कोपरगावला यावं लागंल. तुमच्या-माझ्यात वाईटपणा येईल. विसार द्या, बाकी रक्कम खात्यात आली की किल्ली घ्या."

तिसरी, सहा महिने इंजिनाची हमी द्या. दाजी म्हणाले, "मला ठाऊक असलेले दोष कागदावर लिहून देतो, दोघांनी सह्या करू. पण उद्या कोण कशी चालवील, किती माल भरील, त्याची हमी मी देऊ शकत नाही. जुनी गाडी आहे तशी घ्यायची असते. मेस्त्री त्यासाठीच आणलाय ना?" मेस्त्रीनेच मान डोलावली.

चौथी मागणी नव्हती, सहज बोलणे होते. त्यांच्यातले एक म्हातारबा म्हणाले, "मागं फळ्या झ्याक आहेत. थकल्या-भागल्या बाया वीस-पंचवीस बसतील. कुणी विचारलं तर तुम्हीपण आमच्या दिंडीला सांगा, की बसतात म्हणून."

दाजी गप्प झाले. मग म्हणाले, "ते मी सांगणार नाही. कागदावर ही मालवाहू गाडी आहे. पहिली दोन वर्षं आम्हीही बसवत होतो. मिरजगावच्या पुढं खड्ड्यात गाडी आदळली आणि एक आजी पातेल्यांवर पडली. विठ्ठलानं हात मुरगळण्यावर भागवलं. तेव्हापासून बाया-माणसांना वेगळी जीप करतो. मागं फुकट बसवलेल्या माणसाला काही झालं, तर विमा कंपनी सहसा हात वर करते. सगळं मालकाच्या गळ्यात येतं. फळ्या नट काढून निघतात. त्या सामानासाठी आहेत, एवढंच मी सांगीन."

ओट्यावर थोडी शांतता झाली. मला वाटले, सौदा मोडला. पण म्हातारबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

भाव दोन लाख नव्वद हजारांवर ठरला. भांडी आणि शेगड्यांचे बारा हजार वेगळे. आता गाठ पडली ती शेवटच्या प्रश्नावर. दाजींनी विचारले, "गाडी नावावर कुणाच्या?"

पाच जण एकमेकांकडे पाहू लागले. पैसा सगळ्या दिंडीचा, पट्टी करून जमवलेला. दिंडीची नोंदणी नाही, मग नाव एका माणसाचे लागणार. कुणाचे? एकाने सुचवले, "तुम्ही सह्या करून फॉर्म द्या. नाव आम्ही वारीनंतर बैठक घेऊन भरतो."

दलालाची मागणी आणि ही मागणी, शब्द जवळजवळ तेच. फक्त बोलणारा माणूस वेगळा. ताईने माझ्याकडे पाहिले. माळकरी माणसाला 'नाही' कसे म्हणायचे? आणि महिनाअखेर आठ दिवसांवर आलेली.

दाजी म्हणाले, "माउली, तुमच्यावर अविश्वास नाही. पण गाडी तुमच्या हातात असेल आणि नाव माझं. उद्या रस्त्यात काही झालं, तर कोर्ट तुमची माळ बघणार नाही, माझं नाव बघील. आणि तुमचंही नुकसान आहे. मी मेलो, तर माझ्या वारसांच्या सह्यांसाठी तुम्हाला फिरावं लागंल. तुम्ही आधी नाव ठरवा. दोन दिवस गाडी मी दुसऱ्या कुणाला देत नाही." विसार घेतला नाही, त्यांनी देऊ केला तरी. नाव ठरल्याशिवाय विसार घेतला आणि सौदा मोडला, तर परतीचे भांडण ठरलेले.

ते गेले. तो दिवस गेला, दुसराही गेला. दलालाचा फोन आला, "तीन लाख दहा देतो." दाजींनी नाही म्हटले, पण आवाजात जोर नव्हता. ताई मला म्हणाली, "आपण फार ताठ तर नाही ना वागलो?" मलाही नीट उत्तर देता आले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाचही जण आले. गावात बैठक झाली होती. म्हातारबांच्या मुलाच्या नावावर गाडी घ्यायची, आणि पट्टीचा हिशेब दिंडीच्या वहीत सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवायचा, असे ठरले होते. म्हातारबा म्हणाले, "तुम्ही अडवलंत म्हणून आमच्यातला गुंता सुटला. नाहीतर पुढं गाडीवरून दिंडी फुटली असती."

पुढचे काम सरळ झाले. पन्नास हजार विसार, पावतीवर तारीख, एकूण किंमत आणि बाकी कधीपर्यंत ते लिहिले. गाडीवर पूर्वी बँकेचे कर्ज होते. ते फिटल्याचा दाखला आणि फॉर्म पस्तीस लावून नोंदणीपुस्तकावरचा बोजा दाजींनी आधीच उतरवून घेतला होता. चलन थकलेले नाही हे भाचीने मोबाइलवर पाहिले. विमा, फिटनेस आणि पीयूसी चालू होते. बाकीची रक्कम बँकेतून वर्ग झाली. भाचीने फोनवर आलेल्या संदेशावर न थांबता खात्याचा उतारा पाहिला, आणि मग किल्ली दिली. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली: दुपारी साडेबारा. किलोमीटरचा आकडाही लिहिला. त्या वेळेआधीचे जे काही, ते आमचे. नंतरचे त्यांचे.

मग दाजी त्यांच्याबरोबर श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात गेले. राहुरी आणि कोपरगाव या दोन्ही तालुक्यांच्या गाड्या तिथल्याच, एमएच १७. गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यातले किंवा परराज्यातले असेल, तर ना-हरकत दाखला लागतो का ते कार्यालयात आधी विचारावे. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत विक्री कळवायची असते. विमाही नव्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांत कंपनीला कळवावे लागते. 'करू सावकाश' असे म्हणून पुष्कळ जण इथेच चुकतात.

गाडी निघताना ताईने चाकांवर पाणी घातले, समोर नारळ फोडला. हौद्यातली एक खुंटी तिने मागून घेतली होती. तिच्या सासूबाई तिला टाळ अडकवीत. तेवढी एकच वस्तू तिने ठेवून घेतली.

मी दुसऱ्या दिवशी परत निघालो. पंधरा-वीस दिवसांनी ताईचा फोन आला. नाव बदलले होते. भाचीची फी भरली होती. दाजी त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोपले, असे ती म्हणाली.

ज्येष्ठात पालखी त्या भागातून गेली, तेव्हा ताई आणि दाजी रस्त्यावर दर्शनाला उभे होते. गाडी समोरून गेली. मागे वळकट्या, पातेली आणि पाण्याची टाकी होती. माणसे मागे बसलेली नव्हती. म्हातारबांनी खाली उतरून दाजींच्या हातात प्रसादाची पुडी दिली आणि म्हणाले, "दुसरा गिअर जड पडतो बरं का!"

"लिहून दिलं होतं की!" दाजी म्हणाले, आणि दोघेही हसले.